रांजण हलवून गुढी उभारणारे

दर एक जानेवारीला सकाळी सातच्या आत माझ्या फोनवर पाच-दहा संदेश येऊन पडलेले असतात : हे आमचे नववर्ष नव्हे, आमचे नववर्ष चैत्रात. खाली एक गुढी आणि गुलामीच्या मानसिकतेवर दोन ओळी. पाठवणारे बहुतेक माझे आप्त, बडोद्यात तीन-तीन पिढ्या काढलेली मराठी माणसे. चैत्र आला की हेच लोक काय करतात ते मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. सराफाकडे रांग लावतात, मोटार पाडव्याच्या मुहूर्तावरच मिळावी म्हणून विक्रेत्याशी हुज्जत घालतात, श्रीखंडाचे डबे आणतात आणि दुपारी एसी लावून झोपतात. झोपेबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवसाच्या कार्यक्रमात ऋतूला धरून असलेली तेवढी एकच गोष्ट असते.

माझे म्हणणे इतकेच की चैत्र हवा असेल तर तो उन्हासकट घ्यावा लागतो. जानेवारीतला संकल्प थंडीतला असतो : पहाटे उठेन, धावेन, वजन उतरवीन, जास्त काम करीन. तोच संकल्प उचलून पाडव्याला चिकटवला की सण स्वदेशी होत नाही, फक्त तारीख बदलते. या देशात कितीतरी ठिकाणी वर्ष ऊन चढत असताना सुरू होते आणि त्या दिवसाचे आचार उन्हाशी कसे वागावे तेच सांगतात. आपण कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग घालून वाटतो. तेलुगू आणि कन्नड घरांत उगादीला कडुनिंबाचा मोहोर, कैरी, गूळ, चिंच एकत्र येतात. केरळात विषूला कणीमध्ये बहाव्याची पिवळी फुले लागतात, तोच बहावा जो आपल्याकडे बिनपानांचा पेटलेला दिसतो. ओडिशात तर नववर्षाच्या संक्रांतीचे नावच पणा संक्रांत. पणा आणि आपले पन्हे दोन्ही पानकातून आलेले. तिथे त्या दिवसापासून तुळशीवर तळाला भोक पाडलेले मडके टांगतात, थेंब थेंब पाणी पडत राहते. आपण महादेवाच्या पिंडीवर गळती लावतो, तसेच.

मला सगळ्यांत आवडते ते मिथिलेतले जुडशीतल. सकाळी घरातले वडीलधारे लहानांच्या डोक्यावर गार पाणी घालून आशीर्वाद देतात, झाडांच्या मुळांना पाणी घालतात आणि त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या रात्रीचा भात खातात. वर्षाची सुरुवात चुलीला विश्रांती देऊन करावी हे ज्या कुणाला सुचले त्याला मी मानतो. किंवा तिला. तीच असणार.

कारण आमच्याकडचे हे सारे 'संथ उन्हाळी सुख' कुणाच्या हातांनी संथ होत होते, तेही एकदा बोलले पाहिजे. अलीकडे मासिकांत आजोळच्या उन्हाळ्याविषयी गहिवरून लिहिण्याची साथ आली आहे. वाळ्याचे पाणी, माठात टाकलेला मोगरा, गच्चीवरच्या कुरडया, दुपारची वामकुक्षी. मीही त्यातला. शेजारच्या गुजराती काकी कैरीचा कीस आणि साखर बरणीत भरून, वर मलमल बांधून छुंदा उन्हात ठेवतात. साखर विरघळून पाक काचेसारखा होईपर्यंत दिवसच्या दिवस जातात आणि रोज ती बरणी आत-बाहेर करणे हा माझ्या लेखी एप्रिलमधला सर्वांत सुंदर उद्योग आहे. पण तो मी बघतो, त्या करतात. आमच्या आजोळी पुरुष वामकुक्षी घेत तेव्हा बायका कुरडयांचा चीक हाटत असत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ वाटून वाटून माझ्या आत्याच्या मनगटाला सूज येई. आणि डाळ तिने वाटायची पण कुंकू तिला नाही, कारण ती विधवा. स्मरणरंजनात हे बसत नाही, म्हणून कुणी लिहीत नाही. तेवढे गाळून जे उरते त्याला आता 'स्लो लिव्हिंग' म्हणतात आणि ते रिसॉर्टमध्ये दोन रात्रींच्या भाडेदराने मिळते.

मग चैत्राकडून घ्यायचे काय? परंपरेचीच साक्ष हवी असेल तर घ्या. चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या कृत्यांत धर्मग्रंथांनी प्रपादान सांगितले आहे. प्रपा म्हणजे वाटसरूंसाठी पाण्याची जागा. आपल्या पाणपोईतली पोई तीच, आणि गुजरातीत तिला परब म्हणतात तोही तोच शब्द. नववर्षाचा संकल्प स्वतःला सुधारण्याचा नव्हता, दुसऱ्याच्या तहानेचा होता. देवाच्या बाबतीत आपण हे विसरलेलो नाही. पंढरपुरात पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. देवाला ऊन लागते हे आपल्याला कळते. कुरियरवाल्याला लागते हे कळत नाही.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक रांजण होता. लाकडी झाकण, लांब दांड्याचे ओगराळे, शेजारी साखळीने बांधलेला पेला. गेल्या वर्षी पाडव्याच्या आठवडाभर आधी समितीने तो काढून टाकला. कारणे तीन सांगितली : डास होतात, बाहेरची माणसे घोळका करतात, दर्शनी भाग वाईट दिसतो. डासांचे खोटे होते, पाणी रोज बदलले जाई. दुसरे कारण खरे होते. आणि रिकाम्या झालेल्या नेमक्या त्याच चौकोनावर वीस फुटांची सार्वजनिक गुढी उभी राहिली. मी सभेत प्रपादानाचा विषय काढला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, धर्म वेगळा आणि मेंटेनन्स वेगळा.

बडोद्याला उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. शेजारच्या अहमदाबादने 2010 च्या उष्णतेच्या लाटेतली प्रेते मोजली आणि 2013 मध्ये शहरासाठी उष्माघातविरोधी कृती आराखडा केला. वेळेवर इशारा, पाणी, सावली अशा साध्या गोष्टी. आणि खुद्द महाराष्ट्रात 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानात राज्याच्या सर्वोच्च पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला, आणि उष्माघाताने चौदा माणसे गेली. महिना चैत्रच होता. दुपारी माणसाने सावलीत बसावे, एवढी चैत्राची शिकवण आम्हाला सोहळा आखताना आठवली नाही.

पाण्यापुढे सगळे सारखे, असे म्हणून परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी एक तारीख मात्र गाळू नये. 20 मार्च 1927. उन्हाळा तोंडावर असताना महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर मार खावा लागला. पुण्याच्या पाणपोईवरही कुणाला ओगराळ्याने लांबून पाणी ओतले जाई आणि कुणाला पेला मिळे. म्हणून मला आजचे खरे प्रपादान पाडव्याच्या शोभायात्रेत दिसत नाही, चौदा एप्रिलच्या मांडवांत दिसते. भर उन्हात रस्त्याकडेला पिंप, बर्फ, ताक, सरबत, आणि घेणाऱ्याला कुणी आडनाव विचारत नाही. चैत्राचे नववर्ष कुणी जपले याचा हिशेब एक जानेवारीला संदेश पाठवणाऱ्यांनी तिथे जाऊन करावा.

रांजण मी भंगारातून परत आणला. आता तो फाटकाबाहेर, नीम आहे तिथे, रस्त्याच्या हद्दीत आहे. समितीला तिथे अधिकार नाही. नीम म्हणजे कडुनिंबच. इथे राहून माझ्या तोंडी तोच शब्द बसला आहे. भरण्याचे वार वाटून घेतले आहेत. छुंदावाल्या काकींनी सोमवार आणि शुक्रवार मागून घेतले, मी म्हटले तुम्ही नको, तुमच्या चिरंजीवांना पाठवा. तो येतो, कुरकुरत येतो. बुधवार अजून रिकामा आहे.