शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी लागली तर...

मैत्रिणींनो, एका तालुक्याच्या गावाहून चार पानी पत्र आलंय. लिहिणारीचे यजमान पतसंस्थेत कारकून. संस्थेत अफरातफर झाली, फिर्यादीत संचालकांबरोबर ह्यांचंही नाव आलं. जामीन झाला, पण पेपरात फोटोसकट बातमी आली. ती लिहिते, "ताई, पोलीस मोठ्यांचे. कोर्टात तारखाच पडणार. पेपरवाल्यांनी तर निकाल देऊनच टाकला. हे म्हणतात, आता वकील नको नि तारखेला जाणंही नको. कशाचा काही उपयोग नाही. मी काय करू?"

तुमचा अविश्वास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. नंबी नारायणन यांचं उदाहरण बघा. 'रॉकेट्री' सिनेमामुळे ते नाव बऱ्याच जणींना ठाऊक असेल. इस्रोतले मोठे शास्त्रज्ञ. १९९४ च्या नोव्हेंबरात केरळ पोलिसांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. पन्नास दिवस ते कोठडीत होते. मालदीवच्या दोन बायकाही त्या प्रकरणात होत्या, मग काय, वर्तमानपत्रांनी रंगवून रंगवून लिहिलं. खटला सुरूही झाला नव्हता आणि माणूस देशद्रोही ठरला!

पुढे सीबीआयने तपास केला आणि १९९६ साली सांगितलं की आरोपात तथ्य नाही. तरी राज्य सरकार पुन्हा तपास करायला निघालं. ते १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. नारायणन मात्र गप्प बसले नाहीत. मानवी हक्क आयोगाकडे गेले, पुन्हा कोर्टात गेले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ही अटक अनावश्यक होती, आणि ५० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. २०१९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पण मध्ये चोवीस वर्षं गेली, ती कोण परत देणार?

म्हणजे सरकार चुकतं, पोलीस चुकतात, पेपर चुकतात. पण त्यांची सुटका झाली तीही दुसऱ्या सरकारी खात्याच्या तपासाने आणि कोर्टानेच. एका दारावर विश्वास नसला तर दुसरं दार ठोठवावं. सगळीच दारं आपल्या हाताने लावून घेतली तर नुकसान आपलंच.

म्हणून माझं सांगणं असं, की विश्वास ठेवू नका, पण हजर राहा. तारखेला न गेलं तर वॉरंट निघतं, जामीनही जाऊ शकतो. मग निर्दोष माणूससुद्धा पळपुटा दिसतो. पुढची तारीख ई-कोर्टच्या साइटवर सीएनआर नंबर घालून घरबसल्या बघता येते. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबासारखी.

घरात एक फाइल करा. फिर्यादीची प्रत, जामिनाचा हुकूम, नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक, पेपरातली कात्रणं तारखेसह. कोण कधी आलं, काय विचारलं, तेही त्याच दिवशी वहीत लिहा. वर्षभराने आठवत नाही.

सहीचं सांभाळा. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायची नाही, असं कायदाच सांगतो. पंचनाम्यावर किंवा अटकेच्या कागदावर सही मागितली तर आधी वाचायचं. कोऱ्या कागदावर तर कुणी कितीही गोड बोललं तरी नाही.

हेही ठाऊक असू द्या: अटक झाली तर घरच्यांना कळवावंच लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर नि सूर्योदयापूर्वी, मॅजिस्ट्रेटची परवानगी घेतलेला अपवाद सोडला, तर अटक करता येत नाही. जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, पण ह्या गोष्टी कायम आहेत.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. बाईला, तसंच कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. उत्पन्न कमी असलेल्यांनाही मिळतो. १५१०० ह्या नंबरावर फोन करून विचारा. "ओळख आहे, काम करून देतो," म्हणत पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच वाटेला लावा.

पेपरवाल्यांशी रागाच्या भरात बोलू नका. बातमीत चूक असेल तर वकिलाला दाखवून संपादकांना लेखी खुलासा पाठवा, पोच घ्या.

आता थोडं बाकीच्या मैत्रिणींशी. पेपरात "अटक" असा शब्द आला की आपण लगेच म्हणतो, "आगीशिवाय धूर निघतो का?" अहो, कधी कधी धूर दुसऱ्याच्या चुलीचा असतो! अटक म्हणजे शिक्षा नव्हे, आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. हळदीकुंकवाच्या यादीतून तिचं नाव गळतं, तिच्या मुलांबरोबर खेळू नको म्हणून आपण आपल्या मुलांना सांगतो, तेव्हा खटला न चालवता शिक्षा देणाऱ्यांत आपणही जमा होतो. दोष शाबीत झाला तर त्या माणसाने भोगावा. पण तिने आणि तिच्या पोरांनी काय केलंय? कोर्टाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तुमचं दार उघडं ठेवायला कुठल्याही तारखेची वाट बघावी लागत नाही.