भजनाला कोण आलं नाही, तेही पाहा

दुबार पेरणी करावी लागली, कापसाचा भाव पडला, सोसायटीचं देणं थकलं, की घरातला कर्ता माणूस आधी बोलायचं सोडतो. मग पारावर येणं बंद होतं, झोप उडते, जेवणावरचं लक्ष जातं. लोक म्हणतात, "त्याचा स्वभावच तसा झालाय." पण हा स्वभाव नव्हे, मन खचल्याची खूण आहे. ती लवकर ओळखू शकतील अशी माणसं गावात आहेत. रोज त्याच्या शेजारी टाळ धरून बसणारी भजनी मंडळी ती हीच.

भजनानं बरं वाटतं, हा काही भाबडा समज नाही. मोकळ्या गळ्यानं लांब ओळ म्हणताना श्वास खोल जातो आणि सावकाश सुटतो. टाळाच्या ठेक्यावर चित्त ठरतं. तासभर तरी कर्जाचा आकडा डोळ्यांपुढून हलतो. शिवाय तिथं सातबारा किती एकरांचा, हे कुणी विचारत नाही. वारकरी वारकऱ्याला भेटला की लहानथोर न पाहता दोघं एकमेकांच्या पाया पडतात. सावकारापुढं मान खाली घालून आलेल्या माणसाला हा मान फार मोलाचा असतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे नेमकं ओळखलं होतं. खंजिरी घेऊन ते विदर्भातल्या खेड्यापाड्यांत फिरले. अमरावती जिल्ह्यात मोझरीला त्यांनी गुरुकुंज उभारलं, गावोगावी सामुदायिक प्रार्थना सुरू करून दिली. 'ग्रामगीते'त गावची सफाई, गावचे उद्योग आणि गावची प्रार्थना त्यांनी एकाच कामाचे भाग मानले.

आज मात्र पुष्कळ गावांत मंडप मोठा झाला आणि गाणारे कमी झाले. सप्ताहाला बाहेरचे कीर्तनकार, कर्णे, पंगती, फलक आणि या सगळ्याची वर्गणी. कीर्तन ऐकावं, त्यात वावगं काही नाही. पण वर्गणी देता येत नाही म्हणून एखादा शेतकरी लाजून मंडपाकडं फिरकत नसेल, तर ज्याला गरज आहे तोच बाहेर राहिला म्हणायचा.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. आठवड्यातून एक दिवस गावच्याच गळ्यांचं भजन ठेवा, बिनवर्गणीचं. बायकांच्या मंडळाला त्यांच्या सोयीची वेळ द्या. ज्या वस्तीत भीमगीतं चालतात, तिथं तीही तशीच चालू राहोत. आणि कोण आलं नाही, इकडं लक्ष ठेवा. सलग दोन वेळा कुणी दिसला नाही तर दोघांनी त्याच्या घरी जावं. कर्जाची चौकशी करू नये, उपदेश करू नये. चहा घ्यावा, त्याला बोलू द्यावं, निघताना म्हणावं, "पुढच्या वेळी पखवाजाला तूच पाहिजेस."

भजनानं सगळं भागत नाही, हेही ध्यानात ठेवावं. पंधरा दिवस उदासी हटत नसेल, माणूस निरवानिरवीची किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात न्या. २०२२ पासून 'टेलि-मानस'ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा रात्रंदिवस सुरू आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडं गेल्यानं भक्ती कमी होत नाही.

तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीसपाटील यांनाही एक विनंती. नुकसानीचा पंचनामा वेळेवर करणं हे मन सावरण्याचंच काम आहे. चार खेटे वाचले तरी माणसाला धीर येतो. कचेरीचं काम आटोपलं की कधी तुम्हीही भजनाला येऊन बसा. वसुलीच्या नोटिशीशिवाय आलेला सरकारी माणूस गावाला क्वचितच पाहायला मिळतो.