स्पीकर वेगळा, ॲम्प्लिफायर वेगळा

घरी मिक्सिंग करणारी मुलं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती वॅटचे मॉनिटर घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. पॅसिव्ह मॉनिटर घे, ॲम्प्लिफायर वेगळा घे, वॅटचं आपण नंतर बोलू.

आज दुकानात दिसतात ते बहुतेक ॲक्टिव्ह मॉनिटर, म्हणजे ॲम्प पेटीतच बसवलेला. त्यांची सोय मी नाकारत नाही. जागा कमी लागते, कोणता ॲम्प कोणत्या स्पीकरला हा विचार कंपनीनेच केलेला असतो. पण मी डोंबिवलीत राहते. इथे वीज जाते, येताना कधी झटका देऊन येते, आणि जून ते सप्टेंबर हवा दमट असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाच्या ॲक्टिव्ह जोडीतला एक स्पीकर वॉरंटी संपल्यावर बंद पडला. आतला बोर्ड आता मिळत नाही, असं त्याला कळवण्यात आलं. वूफर ठणठणीत, ट्वीटर ठणठणीत, तरी जोडी कपाटावर गेली. पॅसिव्ह पेटीत असतं काय? दोन स्पीकर आणि एक क्रॉसओव्हर. कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर. ज्याला सोल्डरिंग येतं त्याला ते समजतं. ॲम्प बिघडला तर तो लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीला टाकायचा आणि तोवर शेजाऱ्याचा आणून काम चालू ठेवायचं.

यामाहाचा एनएस-१० हा याचा सगळ्यात बोलका दाखला. १९७८ साली तो घरात गाणी ऐकण्यासाठी म्हणून आला, पण तिथे त्याचं फारसं कौतुक झालं नाही. त्याला डोक्यावर घेतलं ते ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी. २००१ साली उत्पादन थांबलं, तरी ते पांढरे वूफर आजही जगभरच्या स्टुडिओंत वाजत आहेत. त्यात खालचा खर्ज कमी आणि मधला पट्टा पुढे. गाणाऱ्याचा गळा आणि हार्मोनियम याच पट्ट्यात असतात, त्यामुळे तिथली गर्दी तो लपवू देत नाही. शिवाय त्याची पेटी सीलबंद, मागे-पुढे पोर्ट नाही. खर्ज जिथे संपायला हवा तिथे संपतो. भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण मिक्स करताना पखवाजाचा धुमा किती लांबतो आहे आणि त्यातली खोलीची भर किती, हे मला सीलबंद पेटीवर लवकर कळतं. म्हणून माझी निवड तीच.

आता वॅट. आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. एनएस-१०ची ९० डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ९० डेसिबल. घरी आपण साधारण तेवढ्याच अंतरावर बसतो आणि ८० डेसिबलच्या वर सलग काम करू नये. त्या पातळीला एक दशांश वॅट पुरतो! तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली, तर १० वॅट. त्यावर आणखी १० डेसिबलची मोकळीक धरली, तर १००. स्पीकर ८४ डेसिबलचा असेल, तर प्रत्येक आकडा चौपट करा. ८ ओहमला खरे ६० ते १०० वॅट देणारा ॲम्प घरी भरपूर झाला. खरे म्हणजे आरएमएस. खोक्यावरचा पीएमपीओचा आकडा वाचूच नका. फार लहान ॲम्पही नको. तो क्लिप झाला की ध्वनिलहरीची टोकं सपाट होतात, वरच्या पट्टीतली शक्ती वाढते आणि ट्वीटर जळतो.

पंख्याचा ॲम्प छोट्या खोलीत आणू नका. तानपुऱ्याची जवारी आणि रिव्हर्बचं शेपूट त्या घरघरीत बुडतं. मंडपवाल्यांचा १०० व्होल्ट लाइनचा ॲम्पही नको, तो लांब तारांवरच्या भोंग्यांसाठी असतो. जुना चांगला हायफाय ॲम्प मात्र मला चालतो, बास-ट्रेबल मध्यावर आणि लाउडनेसचं बटण बंद ठेवून. तो जपानमधून आलेला असेल तर १०० व्होल्टचा आहे का ते पाहा. असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टवर लावू नका. तार साधी तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची. लाल टर्मिनलला लालच. एका बाजूला उलटी जोडली की खर्ज नाहीसा होतो आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गळा विरून जातो.

जुनी जोडी घेताना वूफरच्या कडेला बोट लावून पाहा. फोमची कड आपल्या दमट हवेत भुसभुशीत होते, रबराची टिकते.

आणि खोली. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास खर्ज फुगतो, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींच्या जोड्या एकाच जागी भर घालतात म्हणून. कितीही महागडा स्पीकर घेतला तरी हे जात नाही. हाताशी असलेल्या पैशांतले निम्मे मी स्पीकरला देईन, पाव ॲम्पला, आणि उरलेला पाव कोपऱ्यांत उभ्या करायच्या रॉकवूलच्या जाड पॅनेलना.

दुकानात जाताना तुम्ही स्वतः मिक्स केलेलं एक गाणं घेऊन जा आणि ते हळू आवाजात ऐका. मग तीन गोष्टी विचारा: सेन्सिटिव्हिटी किती, ओहम किती, आणि दहा वर्षांनी याचा वूफर सुटा मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा आणि दुसरं दुकान गाठा.