सूप आणि सार

आठवड्याच्या बाजाराला एक दिवस उरला म्हणजे बहुतेक घरांतील भाजीच्या टोपलीत सारखेच दृश्य दिसते. तळाशी एखादे सुरकुतलेले गाजर, अर्धा दुधी, दोन मऊ पडलेले टोमॅटो, कोबीचा दांडा आणि कोथिंबिरीच्या काड्या. यांपैकी कशाचीही स्वतंत्र भाजी होत नाही. मग हे सारे उकिरड्यावर जाते. ते तसे जाऊ नये, त्याचे सार करावे, असे माझे मत आहे. आणि या मतापायी मी घरात थोडी थट्टाही सोसली आहे.

‘सूप’ हा शब्द हल्ली मुलांच्या तोंडी असतो. माझ्या आजीला मात्र सूप म्हटले की धान्य पाखडण्याचे सूप तेवढे ठाऊक होते. पातळ पदार्थांसाठी तिच्याजवळ नावांची वाण नव्हती : सार, कढण, कट, माडगे. पुरणाची डाळ शिजल्यावर उरलेले पाणी ती कधी ओतून देत नसे. त्या कटाची आमटी होई, आणि आम्हां मुलांना ती पुरणपोळीहून प्रिय असे. दोडक्याच्या शिरांचीदेखील चटणी करणाऱ्या घरात उरलेल्या भाजीचे सार करण्यात नवल ते काय?

मात्र आजीचे ते सूपही येथे उपयोगी आहे, कारण आधी पाखडायचे असते. कोमेजलेले आणि कुजलेले यांत भेद आहे. बुरशी आलेली मऊ भाजी सगळीच टाकावी. तिचे तंतू आत खोलवर गेलेले असतात. बटाट्याचा हिरवा भाग व कोंब घेऊ नयेत. दुधीचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर थुंकून सबंध दुधी टाकून द्यावा. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. पुढची कृती सोपी आहे. जिरे-लसणाची फोडणी, आधी कठीण भाज्या, मग मऊ, वर मूठभर मूगडाळ आणि बुडेल एवढेच पाणी. शिजल्यावर रवीने घोटावे. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे पातेल्यातच राहतात. एकदा काटकसरीच्या भरात मी त्यात कारल्याचे दोन तुकडे टाकले. ते दोन तुकडे वाचवताना सबंध पातेले वाया गेले, हे येथे कबूल केले पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळे. चुलीवर एकच पातेले चढे आणि मूठभर डाळीत मिळेल तो पाला पडे. आई आम्हांला आधी वाढी. नंतर रिकाम्या पातेल्यात पाणी घालून, ते खळबळून ती पिऊन टाकी. ती तिची आवड असावी, असे मला तेव्हा वाटत असे.

आज आमच्या कळंबच्या शिवारात ऊस उभा आहे, बाजारात भाजीचे ढीग आहेत. पण पाणी आजही पाळीनेच येते. पाळी रात्री आली तर शेतकरी रात्रभर बॅटरी घेऊन दारे धरतो. आपण सहज फेकून देतो त्या कोबीमागे अशी जागरणे असतात.

माझ्या शेजारच्या शेतकऱ्याला हे बोलणे पटत नाही. तो म्हणतो, “गुरुजी, भाव पडला की आम्ही टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओततो. तिथं तुमच्या दोन टोमॅटोंचं काय घेऊन बसलात?” त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. साठवणूक, प्रक्रिया आणि रास्त भाव यांवाचून ते दुःख सरणार नाही, आणि त्याचे उत्तर माझ्या पातेल्यात नाही. परंतु २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे साठ टक्के घराघरांतून गेले, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो. शेतावरची नासाडी या आकड्यात धरलेलीच नाही. बाजाराचा दोष मोठा आहे म्हणून स्वयंपाकघराला आपला दोष झाकता येईल, असे मला वाटत नाही. दोन टोमॅटो का होईनात, ते माझ्या हातात आहेत.

आमचा हा वाद मिटलेला नाही. गेल्या महिन्यात त्याने न खपलेल्या टोमॅटोंची एक पाटी माझ्या ओसरीवर आणून ठेवली आणि म्हणाला, “करा आता सार!” मी पाटी पाखडली, डागाळलेले पाच-सात बाजूला काढले आणि राहिलेल्यांचे सार करून एक डबा त्याच्या घरी पाठवला. संध्याकाळी डबा रिकामा होऊन परत आला. सोबत निरोप होता, लसूण कमी पडला.