जमदाड: धारेची नव्हे, दाढेची

जमदाड या हत्याराच्या नावाला तीन बाप चिकटवले गेले आहेत. एक पक्ष फारसीचा: ‘जन्ब-दर’, म्हणजे कूस फाडणारे. दुसरा ‘यमधर’ म्हणतो, तिसरा ‘यमधार’. हे तिन्ही पक्ष कागदावर जुळवलेले आहेत. हत्याराकडे कोणी पाहिलेले दिसत नाही.

पाहिले असते तर? दोन समांतर दांड्या आणि त्यांच्यामध्ये आडवी पकड. मूठ आवळली की त्रिकोणी पाते बोटांच्या पुढे सरळ निघते. खांद्यापासूनचा सारा जोर ठोशासारखा टोकामागे येतो. अनेक जमदाडांचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. पात्याला धार असते, पण हत्याराचे काम भोसकण्याचे. मग नाव धारेवरून कशाला पडेल? ‘यमधर’ तर व्याकरणातच अडखळतो. यमाला धरणारा तो यमधर. असे नाव फार तर शिपायाला शोभेल.

फारसीवाल्यांची गोष्ट ऐकायला छान आहे, म्हणूनच संशयास्पद. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत हा शब्द ‘जमधर’ असा, ध-कारासह येतो. फारसी ‘दर’मध्ये हा ध आणायचा कुठून? आणि आडव्या मुठीचा हा घाट इराणचा नव्हे, इथलाच.

माझे मत सरळ आहे: यमदंष्ट्रा. शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे आपल्याला नवे नाही. यात्रेची जत्रा आपणच केली. दंष्ट्रेची प्राकृतात दाढा होते. हेमचंद्राने तर त्यासाठी सूत्रच दिले आहे. राजस्थानीत ‘जमदाढ’ स्वच्छ टिकला. मराठीत शेवटचा महाप्राण गळून ‘जमदाड’ झाला. आणि फारसी लिपीत ‘ढ’ला स्वतःचे अक्षरच नव्हते, तेव्हा ‘जमधर’ हे त्या लेखणीने केलेले रूप असावे. ‘धारे’पासून निघालात तर मात्र ‘ढ’ कुठून आला, हे सांगता येत नाही.

यमदंष्ट्रा ही जोडणी मी आज बसवली, असा आक्षेप येईल. तर शार्ङ्गधरसंहिता उघडावी. कार्तिकाचे शेवटचे ८ आणि मार्गशीर्षाचे पहिले ८ दिवस, म्हणजे आजारांचा काळ, तिथे याच नावाने सांगितले आहेत. जो समास वैद्याला सुचला तो शिकलगाराला सुचू नये?

राहता राहिली कट्यार. आईनमध्ये कटारा आणि जमधर वेगवेगळे मोजले आहेत. पुढे इंग्रजी सूचीकारांनी आडव्या मुठीच्या हत्यारालाच ‘कटार’ म्हणायला सुरुवात केली आणि आपल्या संग्रहालयांनी ती पाटी उचलली. बोलण्यात कट्यार दोन्हींना चालते, चालू द्या. दारव्हेकरांच्या १९६७च्या नाटकात ती काळजात घुसते, कापत नाही. क्रियापद तरी अचूक आहे. पण काचेच्या कपाटात आडव्या मुठीखाली जी चिठ्ठी लावायची, तिच्यावर जमदाड लिहा, आणि कंसात यमधार नको.