एक जूनची माणसं

उद्या १ जून. दिनविशेषाच्या चौकटीत उद्या ठरलेल्या नोंदी येतील. १९२९ साली याच दिवशी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि त्याच दिवशी नर्गिसचा जन्म झाला. १९३० साली मुंबई-पुणे डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. १९४८ साली पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी सुटली. एकाच तारखेने महाराष्ट्राला सिनेमा, रेल्वे आणि लाल गाडी दिली, याचं मला दरवर्षी अप्रूप वाटतं.

पण ज्या नोंदीसाठी हा लेख लिहितोय, ती कुठल्याच चौकटीत छापून येत नाही. आमच्या शेळगावात पाराजवळ बसणाऱ्या साठी-सत्तरीच्या माणसांची आधार कार्डं बघा. एकामागून एक ०१/०६. साल तेवढं वेगळं. अंथुर्ण्यात, निमगाव केतकीत जा, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, तेच. अख्खी पिढी कागदावर एकाच दिवशी जन्मली आहे.

कारण साधं होतं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. पोराला घेऊन आलेल्या बापाला तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी पोराला उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. दाखल-खारीज रजिस्टरात १ जून पडायचा आणि पोरगं पहिलीच्या रांगेत बसायचं. मी त्या गुरुजींना दोष देणार नाही. तारखेसाठी अडून बसले असते, तर आमच्यातले कितीतरी जण गुरांमागेच राहिले असते.

तरीही त्या एका तारखेची किंमत मी घरात पाहिली आहे. माझी थोरली बहीण १९७२ साली शाळेत गेली. दुष्काळ होता, आई खडी फोडायला जायची, घरी पोर सांभाळायला कोणी नव्हतं. ताईचा हात कानाच्या पाळीपर्यंत पोचलाच नाही. आईने विनवणी केली आणि गुरुजींनी १ जून १९६६ लिहून तिला बसवून घेतलं. ताई पुढे शिक्षिका झाली आणि अठ्ठावन्न पूर्ण म्हणून ३१ मे २०२४ ला निवृत्त झाली. निरोपाचा नारळ घेऊन घरी आली, तेव्हा आई खाटेवरून म्हणाली, “अगं, भुई हालली ना, त्याच्या आदल्या रातीला तू झालीस.”

भुई हलली म्हणजे कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. म्हणजे ताईचा जन्म १० डिसेंबर १९६७ चा, आणि तिची नोकरी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. एकोणीस महिन्यांचा पगार गेला. जन्मतारीख दुरुस्त करायचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. तेव्हा आईला कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्या आयांना तारखा येत नव्हत्या, पण दिवस पक्के ठाऊक होते. पानशेत फुटलं, कॅनॉलला पाणी सुटलं, तुकोबांची पालखी शेळगाव फाट्यावरून पुढे गेली. पानशेत धरण फुटल्याची तारीख १२ जुलै १९६१. पालखीची तिथी त्या वर्षीच्या पंचांगावरून काढता येते. शिवाय सरकारी कागद असतोच. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये आहेत. कुणबी नोंदी शोधताना लोकांनी तहसीलला जाऊन हीच बुकं उलगडली. तिथे बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, बापाचं नाव आणि तारीख असते. आईची आठवण जोडली की तेवढं पुरतं.

छत्रपती शिवरायांच्या जन्मतारखेचंही असंच झालं. जुनी समजूत १६२७ ची होती. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० मानतो, ते एका घराने लिहून आणि जपून ठेवलं म्हणून.

ज्यांच्या घरी आई, आजी, आत्या अजून सांगू शकतात, त्यांनी उद्या वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं. मी झालो तेव्हा पीक कोणतं उभं होतं, पाऊस होता का, गावात त्या आठवड्यात काय घडलं, एवढं विचारावं आणि त्या सांगतील तसं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. ताईने आधार कार्ड बदललेलं नाही. पण गेल्या १० डिसेंबरला अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला पहिल्यांदा तिच्या खऱ्या दिवशी ओवाळलं. ओवाळायला आई होती.