त्रिशंकू : ज्याच्या त्याच्या गावच्या क्षितिजावर

वैशाखातल्या रात्री आकाशाकडे पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच चित्रा-स्वातीकडे जाते. त्याच वेळी दक्षिण क्षितिजालगत एक चिमुकला तारकासमूह दोन-चार घटका उभा राहून मावळून जातो, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. हा त्रिशंकू. पाश्चात्त्य त्याला क्रूस म्हणतात. आकाशाच्या ८८ मान्य विभागांत हा सर्वांत लहान आहे.

तो शोधावयाचा तर आधी हस्त नक्षत्र गाठावे. मे महिन्याच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास हस्ताचा चौकोन दक्षिणेस आपल्या परमोच्च स्थानी येतो. तेथून नजर सरळ खाली, क्षितिजाकडे, उतरवली की उभ्या पतंगासारखे चार तारे दिसतात. पश्चिमेकडे याहून मोठा पण फिकट असा एक फसवा क्रूस आहे, त्याला भुलू नये. खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडे नरतुरंगाचे दोन ठळक तारे असतात.

'दिसतात' असे म्हटले खरे, पण कोठून? आपल्या या मासिकाचे वाचक गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत पसरलेले आहेत, आणि प्रत्येकाचा त्रिशंकू वेगळ्या उंचीवर आहे. पतंगाच्या पायाशी असलेला सर्वांत तेजस्वी तारा पणजी व बेळगाव येथे क्षितिजापासून सुमारे ११ अंश वर येतो, हैदराबादेस ९ अंशांहून थोडा अधिक, बडोदे व इंदूर येथे जेमतेम ४ अंश, आणि ग्वाल्हेरीस अवघा अर्धा अंश. हात ताठ पुढे धरून मधली तीन बोटे जोडली की साधारण ५ अंश होतात. म्हणजे इंदूरकरांच्या त्रिशंकूचा पाय तीन बोटांच्या आडही लपेल! ग्वाल्हेरीस तो धुळीत व झाडांत बुडालेलाच असतो. माथ्याचा तांबूस तारा तेवढा ६ अंशांवर सापडतो, तोही मोकळ्या माळावर गेल्यास.

ही उंची कायमची नाही, हे आम्हांस विशेष वाटते. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेत डुलतो. या परांचन गतीमुळे त्रिशंकू सध्या दर १८० वर्षांत सुमारे एक अंश दक्षिणेस सरकत आहे. महादजी शिंदे १७९४ मध्ये निवर्तले. त्यांच्या काळी हा पायाचा तारा ग्वाल्हेरच्या क्षितिजावर आजच्यापेक्षा सव्वा अंश उंच चढत असे. त्यांच्याबरोबर उत्तरेत गेलेल्या घराण्यांना जे आकाश लाभले, तेच त्यांच्या वंशजांना उरलेले नाही. आणखी शंभरेक वर्षांत हा तारा गणिताने तेथील क्षितिजाखाली जाईल. दुसऱ्या शतकात टॉलेमीने अलेक्झांड्रियात हे तारे नरतुरंगात गणले होते. आज तेथून पायाचा तारा उगवतच नाही.

त्रिशंकू हे नाव मात्र मोठे समर्पक आहे. विश्वामित्राने सदेह स्वर्गास धाडलेला आणि इंद्राने खाली लोटलेला तो राजा अधांतरी लोंबकळत राहिला, ही कथा रामायणाच्या बालकांडात आहे. तो राजा म्हणजे हेच चार तारे असे तेथे सांगितलेले नाही. पण आपल्याकडून पाहता हा समूह खरोखरच धड वर ना धड खाली असा असतो.

एवढ्याशा जागेत वैभव मात्र अपार. पायाचा तारा लहान दुर्बिणीतून पाहिला की त्याचे दोन तारे होतात. डाव्या हाताच्या निळसर ताऱ्याच्या किंचित खाली-डावीकडे साध्या डोळ्यांस एक पुसट ठिपका भासतो. ला काय या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७५१-५२ मध्ये केप येथून त्याची नोंद केली; १८३४ ते १८३८ या काळात तेथेच वेध घेणाऱ्या जॉन हर्शेलला त्यात रंगीबेरंगी जडावाचा दागिना दिसला, आणि 'रत्नमंजूषा' हे नाव रूढ झाले. सुमारे ६,४०० प्रकाशवर्षे दूरचा हा तारकागुच्छ आहे. तीन इंची दुर्बिणीतून निळ्या-पांढऱ्या ताऱ्यांत एकच माणकासारखा तांबडा तारा चमकतो. शेजारी आकाशगंगेच्या उजेडात एक काळे भगदाड आहे, त्याला कोळशाची गोण म्हणतात. ते भोक नव्हे. सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरील धुळीचा तो ढग पाठीमागचे तारे झाकतो.

आता व्यवहाराची गोष्ट. क्षितिजाजवळ प्रकाशाला जाड हवेतून यावे लागते. रत्नमंजूषेचा प्रकाश पणजीस डोक्यावरच्या हवेच्या चौपट आणि इंदुरास जवळजवळ आठपट थरातून येतो. म्हणून इंदूर-बडोदेकरांनी दुर्बीण हाताशी ठेवावी, आणि शहराच्या दक्षिणेस जावे, म्हणजे शहराचे दिवे पाठीशी राहतात. गोवेकरांनी वळवाची एखादी सर येऊन हवा धुऊन निघाली की त्याच रात्री दक्षिणेकडे मोकळे क्षितिज असलेली जागा गाठावी. कोळशाची गोण दिसली तर अशाच रात्री दिसेल.

ग्वाल्हेरकरांनी हिरमुसू नये. त्रिशंकू मध्यावर येऊन गेला की तासाभराने, त्याच्या बऱ्याच वर आणि थोडे डावीकडे, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ दक्षिणेस येतो. आपल्या आकाशगंगेतला हा सर्वांत मोठा. ग्वाल्हेरीसही तो १६ अंश वर असतो, आणि अंधाऱ्या रात्री साध्या डोळ्यांना धुकट ताऱ्यासारखा दिसतो.